तळमजल्याची चिठ्ठी

दादा जाऊन पाच महिने झाले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्याच्या कार्यालयातली माणसं आली होती, पांढरे कपडे घालून, एकाच गाडीत बसून. त्यांच्यापैकी एकाने दोन शब्द बोलायची परवानगी मागितली आणि सांगितलं, की आमचे भाऊ दिव्यांग असूनही त्यांनी कधी सवलत मागितली नाही, कधी तक्रार केली नाही. लोकांनी माना डोलावल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आत कपाटात दादाच्या अर्जांच्या नकला होत्या, प्रत्येकावर तारीख, प्रत्येकावर त्याची सही. मला चारचौघांत बोलता येत नाही. म्हणून हे लिहिते आहे, आणि सावकाश लिहिते आहे, कारण रागाच्या भरात भरभर लिहिलेलं दुसऱ्या दिवशी मलाच वाचवत नाही.

दादाचा जन्म अडचणीचा होता. पहिला श्वास घ्यायला त्याला उशीर झाला आणि मेंदूला जे व्हायचं ते झालं. उजवा हात कोपरात वळलेला, उजवा पाय आत ओढलेला, जीभ जड. डोकं मात्र लख्ख. ज्याला त्याचं बोलणं समजून घ्यायचं असे त्याला दोन दिवसांत समजू लागे. ज्याला नको असे त्याला वीस वर्षांत समजलं नाही. वडील पुलगावच्या कापडगिरणीत कामाला होते. नंतर त्यांनी नालवाडीत दोन खोल्या बांधल्या. आई-वडील गेल्यावर त्या घरात आम्ही दोघंच उरलो. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. दादा तालुक्याच्या एका कार्यालयात लिपिक होता.

दहावीला बोर्डाने त्याला अर्धा तास जादा दिला होता. तो डाव्या हाताने लिहायचा, आणि तो हातही दर ओळीला थांबायचा. मी तेव्हा आठवीत होते. पेपर सुटला की त्याला घ्यायला जायची. व्हरांड्यात उभी राहून मी तो जादा अर्धा तास पाहिला आहे. घंटा झाली की बाकीची पोरं ओरडत बाहेर पडायची. शिपाई बेंच ओढून भिंतीला लावायचा. दुसरा झाडू मारायचा. पर्यवेक्षक दादाच्या डोक्यावर उभा राहून घड्याळाकडे आणि दाराकडे आळीपाळीने बघायचा आणि म्हणायचा, "आटप, बाबू. आमालेबी घर हाय." त्या धुळीत आणि त्या आवाजात दादा शेवटचे दोन प्रश्न लिहायचा. निकाल लागल्यावर वर्गातल्या एकाच्या वडिलांनी आमच्या वडिलांना चहाच्या टपरीवर सुनावलं, "अर्धा घंटा भेटला म्हणल्यावर नंबर येईनच ना बाप्पा. आमच्याले भेटला असता तं तोबी आला असता." त्यांचा मुलगा प्रत्येक पेपरला वेळ संपायच्या आधी उठून बाहेर गेलेला मी पाहिला होता.

वडिलांनी ते घरी येऊन सांगितलं तेव्हा ते हसत होते. सवलत हा शब्द आमच्या घरात नवा नव्हता. गिरणीत, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत तो त्यांना बऱ्याचदा ऐकवला गेला होता. ते म्हणाले, "आपल्याले कोणी काई देलं नाई पोरांनो. आपलंच वापस केलं. मान खाली घालाची नाई."

मी मान वर ठेवली, पण शहाणी झाले असं नाही. ग्रंथालयात लागल्यावर एकदा बी.ए.चा एक मुलगा माझ्याकडे आला. त्याला जवळजवळ दिसत नव्हतं. पान डोळ्याला टेकवून एकेक ओळ वाचायचा. पुस्तक आठवड्याऐवजी तीन आठवडे मिळेल का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा आहे. संध्याकाळी जेवताना ही गोष्ट मी दादाला सांगितली, आपण किती नीट वागलो या सुरात. दादाने घास ताटात ठेवला. "त्याले एक पान वाचाले किती टाइम लागते, इचारलं का बाई तू?" मी नव्हतं विचारलं. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला शोधून पुस्तक दिलं. पण ते पहिलं उत्तर माझ्याच तोंडून आलं होतं आणि फार सहज आलं होतं. पुढे ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्यांच्याबद्दल माझ्या मनात तिरस्कारच आहे. ते वाक्य त्यांचं एकट्यांचं नाही एवढं मात्र मला माहीत आहे.

आता कार्यालय. दुमजली इमारत. तळमजल्यावर साहेबांची केबिन, आवक-जावक शाखा आणि शौचालय. बाकी सगळ्या शाखा वर. वर जायला अठरा पायऱ्या, आणि कठडा एकाच बाजूला. चढताना तो डाव्या हाताला येतो, म्हणजे दादाच्या कामाच्या हाताला. उतरताना उजव्या हाताला येतो, आणि उजवा हात दादाला असून नसल्यासारखा. कामाला लागला तेव्हा त्या वेळच्या साहेबांनी हे एकदा पाहिलं आणि त्याला आवक-जावकच्या टेबलाशी बसवलं. अर्ज नाही, बैठक नाही. ते साहेब फारसे बोलत नसत. वीस वर्षं दादा त्या टेबलाशी होता. आलेलं प्रत्येक पत्र तो रजिस्टरला चढवायचा, सावकाश पण ठसठशीत अक्षरात, आणि कुठलं पत्र कोणाच्या टेबलावर कधी गेलं हे रजिस्टर न उघडता सांगायचा.

वीस वर्षं कोणाची काही हरकत नव्हती. मग आवक-जावकच्या खिडकीला मोठा कुलर बसला.

आमच्याकडचा उन्हाळा ज्याने काढला नाही त्याला याचं महत्त्व कळणार नाही. पारा पंचेचाळिशीला टेकतो. वरच्या मजल्यावर स्लॅब थेट डोक्यावर. पंखा गरम हवा खाली ढकलतो, एवढंच. दुपारी कागदाला हात लावला तर कागद कोमट लागतो. अशा वेळी खालच्या खोलीत खसचा ओला वास आणि गार झोत. माणसाला न्यायाची आठवण बारा महिने होत नसते. वर्ध्यात ती एप्रिलच्या सुमारास होते.

आधी थट्टा सुरू झाली. दादाला 'थंड्या हवेचे मालक' असं नाव पडलं. वरची मंडळी पत्र विचारायच्या निमित्ताने खाली यायची आणि कुलरपुढे शर्टाची बटणं उघडून उभी राहायची. "भाऊ, तुमची तं मजा हाय. सरकारनं नोकरीबी देली अन् हवाबी देली." आस्थापना शाखेचा एक लिपिक होता, सेवापुस्तकं सांभाळणारा, बोलण्यात सगळ्यांच्या पुढे. तो म्हणायचा, "यायले दोन्हीकडून भेटते बावा. जातीचंबी अन् पायाचंबी. आपण कोणाचं काय घोडं मारलं?" दादा मला हे सगळं घरी येऊन सांगायचा, त्यांच्या नकला करून. नकला तो फार छान करायचा. त्याच्या जड जिभेवर त्यांचं बोलणं होतं त्याहून मूर्ख वाटायचं.

तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये नवे साहेब आले. आमच्यासारख्याच वस्तीतून शिकून वर आलेले. दादाला पहिल्या दिवशी स्वतःहून जयभीम घातला. दादा त्या दिवशी खूश होऊन घरी आला. "आता आपलाच मानूस हाय," म्हणाला. मला बरं वाटलं.

महिनाअखेरीस आस्थापनावाल्याने वरच्या मजल्याच्या वतीने साहेबांपुढे गाऱ्हाणं मांडलं. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. ती बैठक दादाने मला इतक्यांदा सांगितली आहे, की मी तिथे होते असंच वाटतं.

"साहेब, आमाले भाऊचा राग नाई जी," आस्थापनावाला म्हणाला. "पण आमी वरते भाजून राह्यलो अन् हे खाली कुलरपुढे. पाय तं आमालेबी हायेत."

"पाय हायेत म्हणूनच तुमी वरते हाव," दादा म्हणाला.

"काय म्हणले भाऊ? समजलं नाई."

दादाने पुन्हा सांगितलं. पुन्हा कोणाला समजलं नाही. कोपऱ्यात उभी असलेली शिपाईबाई तेवढी तोंडावर पदर धरून हसली, म्हणजे तिला समजलं होतं.

साहेब फार गोड बोलले. ते दादाला म्हणाले, "हे बघा, तुम्हाला कोणी वेगळं समजलेलं तुम्हालाही आवडत नसेल. मी तुम्हाला कमी समजत नाही. मी तुम्हाला सगळ्यांच्या बरोबरीचं समजतो." आणि मग उपाय काढला. खाली तीन टेबलं, वर पाच. आठ चिठ्ठ्या करायच्या. ज्याला 'खाली' येईल तो दोन महिने खाली बसेल, 'वर' येईल तो वर. दोन महिन्यांनी पुन्हा चिठ्ठ्या. जो ज्या टेबलाशी बसेल त्याने त्या टेबलाचं काम करायचं. कोणावर अन्याय नको.

साहेबांनी रुजू होताना वाटलेल्या पेढ्यांचा रिकामा पुडा कपाटावर होता. त्यात चिठ्ठ्या टाकल्या. गणपतीच्या वर्गणीला, भिशीला, बदलीच्या पार्टीत कोणी काय आणायचं याला आमच्याकडे चिठ्ठ्या काढतात, तशाच. आठ माणसांत एका माणसाला जिना उतरता येत नाही, हे माहीत असलेल्या आठ माणसांनी जिन्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. शिवाय दादाचाच नंबर पहिला लावला. "तुमीच पहिले काढा भाऊ. तुमच्याच हातानं. मंग कोणी म्हणाले नको." दादाने डाव्या हाताने चिठ्ठी काढली. एका हाताने घडी उघडायला वेळ लागला, तोवर सगळे वाकून बघत होते. 'वर' निघालं. आस्थापनावाल्याला 'खाली' निघालं आणि आवक-जावकचं टेबल त्याच्याकडे गेलं. त्याने दादाच्या खांद्यावर हात ठेवला. "नशिबापुढं कोणाचं चालते, भाऊ."

हे ऐकून मी काय म्हणाले ते लिहायला हवं. मी म्हणाले, "दोनच महिने हाय दादा. काढ कसेबसे." नवे साहेब आपले आहेत, त्यांना अडचणीत आणू नये, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. दादाने माझ्याकडे पाहिलं आणि जेवायला बसला.

एप्रिलभर तो गेला. चढताना कठड्याला धरून, एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. उतरताना उलटा उतरायचा. तोंड जिन्याकडे, पाठ खालच्या बाजूला, म्हणजे कठडा डाव्या हाताला यायचा. खाली उभ्या माणसांना त्याची पाठ दिसायची आणि मागे चाचपडणारा पाय दिसायचा. हे मला शिपाईबाईने सांगितलं. ती म्हणाली, "ताई, खालच्या पायरीवर मी उभी राह्यते. ते नको म्हणतेत, पण मी राह्यते." दादाने मला यातलं काही सांगितलं नव्हतं. त्या महिन्यात त्याने नकलाही केल्या नव्हत्या.

मे महिन्यात मला पाण्याची बाटली दिसली. मी सकाळी भरून देत असे ती दोन लिटरची. संध्याकाळी ती जशीच्या तशी परत आली होती, नुसती गरम झालेली. मला वाटलं विसरला. दुसऱ्या दिवशीही भरलेली, तिसऱ्या दिवशीही. मी विचारलं.

"शौचालय खाली हाय," तो म्हणाला. "दिवसातून एकदा उतरतो. दोनदा नाई होत."

सकाळी चहा अर्धा कप. मग संध्याकाळपर्यंत काही नाही. वर्ध्याच्या मे महिन्यात, त्या स्लॅबखाली. त्याचे ओठ फुटले होते, मी उन्हाने फुटले समजून तूप लावायला देत होते. लघवीला जळजळ होते हेही त्याने तेव्हाच सांगितलं. डॉक्टरांनी औषध दिलं आणि भरपूर पाणी प्यायला सांगितलं.

मी अर्धी रजा टाकून कार्यालयात गेले. मी कोणाच्या दारात भांडायला जाणारी बाई नाही. जाताना रिक्षात वाक्यं जुळवत होते आणि उतरेपर्यंत सगळी विसरले होते. साहेबांची केबिन खाली, गार. त्यांनी उठून जयभीम घातला, चहा मागवला.

"ताई, तुमचा भाऊ माझ्या भावासारखा," ते म्हणाले. "पण माझी अडचण समजा. मीही सवलतीतून आलो. लोक पाठीमागे काय बोलतात मला माहीत आहे. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं उद्या कोणी म्हणायला नको. म्हणून मी नियम अगदी सारखा ठेवला. चिठ्ठी त्यांनी स्वतः काढली."

"तुमची चिठ्ठी टाकली होती का?" मी विचारलं.

त्यांना समजलं नाही. "माझी?"

"पुड्यात. तुम्हीपण खालीच बसता."

ते हसले. "माझं पदच खालचं आहे, ताई."

याच्यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. मला ते घरी परतताना सुचलं, आणि नंतर कित्येक दिवस रोज नवं सुचत राहिलं. तिथे मात्र मी चहा तसाच ठेवला आणि उठले. आयुष्यभर ज्याला सवलत म्हणून हिणवलं गेलं, त्या माणसाने ते हिणवणं इतकं नीट पाठ केलं होतं, की पहिली संधी मिळताच दुसऱ्याला म्हणून दाखवलं. आस्थापनावाल्याबद्दल मला निदान कधी काही आशा नव्हती.

दादाने अर्ज दिले. मेमध्ये तीन दिले. कायद्याचं कलम घातलं, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. मी म्हणत होते वर तक्रार करू, नागपूरला जाऊ, पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांना लिहू. तो म्हणायचा, "ज्यानं केलं त्यानंच लिहून द्यावं, की हे चुकलं. दुसऱ्यानं लिहून काय फायदा?" हा त्याचा हट्ट होता आणि मला तो तेव्हा पटत नव्हता.

शेवटी त्याला खाली आणलं ते अर्जांनी नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस सकाळी जिल्ह्याहून तपासणीचं पथक येऊन उभं राहिलं. कार्यालयात निम्मी टेबलं रिकामी, साहेब लग्नाला हिंगणीला गेलेले. पथकाच्या प्रमुखाने विचारलं, आमचं पत्र मिळालं नाही का? कोणाला माहीत नव्हतं. रजिस्टरमध्ये नोंद नव्हती. पाच-सहा दिवसांची तर नोंदच नव्हती. शोधाशोध झाली. शिपाईबाईने कुलरखाली बोट दाखवलं. कुलर खडखड करत होता म्हणून आस्थापनावाल्याने त्याच्या स्टँडच्या एका पायाखाली कागदाची घडी घातली होती. ती घडी म्हणजे तपासणीचं पत्र. अर्धं भिजलेलं, पण सही-शिक्का स्पष्ट.

दुसऱ्याच दिवशी आदेश निघाला. प्रशासकीय सोयीच्या दृष्टीने आवक-जावक शाखेचे काम पूर्ववत या लिपिकांकडे सोपवून त्यांची बसण्याची व्यवस्था तळमजल्यावर करण्यात येत आहे. एवढंच. त्यात जिना नव्हता, पाय नव्हता, चिठ्ठी नव्हती, तिन्ही अर्जांचा संदर्भही नव्हता. जूनमध्ये पुन्हा चिठ्ठ्या काढायच्या होत्या, पण पाऊस लागल्यावर तळमजल्यासाठी कोणी पुढे आलं नाही. पावसाळ्यात खाली ओल येते, डास होतात. न्यायाची मागणी आपोआप मिटली.

मला वाटलं, सुटलो. मी त्या दिवशी गोड केलं. दादा म्हणाला, "बाई, यात लिहेल हाय त्यायची सोय. सोय बदलते. पुढच्या एप्रिलमंधी पुडा निंघन." आणि मग त्याने काय केलं ते सांगितलं.

आदेश घ्यायचा तर कार्यालयाच्या प्रतीवर 'मिळाला' म्हणून सही करावी लागते. दादाने सही केली आणि सहीच्या खाली, उरलेल्या कोऱ्या जागेत, आपल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'ही प्रशासनाची सोय नाही. मला हा जिना उतरता येत नाही आणि शौचालय खाली आहे, म्हणून माझे टेबल खाली पाहिजे.' आस्थापनावाला फाईल हातात धरून समोर उभा होता. त्याला वाटलं हा तारीख घालतो आहे.

आठ दिवसांनी दादाला मेमो आला. शासकीय आदेशावर अनधिकृत शेरा लिहिल्याबद्दल खुलासा करावा. दादाने तीन शब्दांचा खुलासा दिला: 'शेरा खरा आहे.' त्यावर पुढची कारवाई करायची तर फाईल वरच्या कार्यालयात पाठवावी लागली असती, आणि वरच्या कार्यालयाने तो शेरा वाचला असता. म्हणून ती पाठवली नाही. बंदही केली नाही, कारण बंद करायला कारण लिहावं लागतं. ती तशीच कपाटात राहिली. पुढच्या एप्रिलमध्ये पुडा निघाला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. लाजेने नाही, त्या फाईलच्या भीतीने. दादा खालीच बसला, पाणी पीत, रजिस्टर लिहीत, आणि नकला पुन्हा सुरू झाल्या.

यंदाच्या जानेवारीत त्याला ताप आला, छातीत उतरला, आणि पाचव्या दिवशी दवाखान्यातच तो गेला. त्याचा आणि त्या मे महिन्याचा संबंध मी जोडत नाही. डॉक्टरांनी जोडला नाही. त्या माणसांनी माझ्या भावाला मारलं असं म्हणणं म्हणजे त्यांना फारच मोठं करणं होईल. त्यांनी फक्त दोन महिने त्याला तहानलेलं ठेवलं आणि या प्रकाराला समान वागणूक म्हटलं.

मागच्या महिन्यात आस्थापनावाला घरी आला. दादाचं सेवापुस्तक बंद करायचं होतं, आणि त्यासाठी कोणतीही चौकशी प्रलंबित नाही असा दाखला लागतो. तिथे तो मेमो आडवा आला होता. साहेबांची आता बदली होणार आहे, त्यांनाही मागे काही ठेवायचं नाही. आस्थापनावाला खुर्चीत बसला, दादाच्या फोटोला हात जोडले, पाणी प्यायला, आणि पिशवीतून टाइप केलेला एक कागद काढला. वारसाने द्यायचा होता. 'माझ्या दिवंगत भावाने सदर आदेशावर लिहिलेला शेरा प्रकृतीच्या अस्वास्थ्यामुळे, अनवधानाने लिहिला गेला असून तो रद्द समजावा.' खाली माझ्या सहीसाठी रेघ.

"नुसतं फॉर्मालिटी हाय ताई," तो म्हणाला. "भाऊ तं देवमानूस. आमच्या मनात काईच नाई. एक सही करा, मी उद्याच फाईल बंद करतो."

मी चष्मा घातला आणि कागद दोनदा वाचला. मग छापलेल्या मजकुराखाली पेनाने लिहिलं, की शेरा माझ्या भावाने पूर्ण शुद्धीत लिहिला, तो त्याने मला त्याच दिवशी सांगितला, आणि तो रद्द करायचा अधिकार मला नाही. सही केली, तारीख घातली. तो शांतपणे बघत होता. या वेळी काय लिहिते आहे ते त्याला समजत होतं.

"असं काऊन करून राह्यल्या ताई?" तो म्हणाला. "तुमचंच काम अडन ना."

"अडू द्या."

"मंग फाईल उघडीच राहीन."

"राहू द्या."

त्याने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "उद्या नवा साहेब येईन, नवा लिपिक येईन. थो इचारन का हे काय लिहेल हाय म्हणून. मी त्याले काय सांगू?"

"काई सांगू नका," मी म्हटलं. "वाचून दाखवजा."